चॅनल मोकळा ठेवा

मोकळेमामांना माणसांची किळस यायची ती त्यांच्या वॉकीटॉकीमुळे. माणूस समोर उभा असला तर एक वेळ चालून जायचं, पण त्याचा सेट दुरुस्तीसाठी टेबलावर आला की मामांचं नाक वर चढायचं. सेटच्या तोंडाशी बारीक जाळी असते आणि तिच्याआड माइक असतो. माणूस दिवसभर त्या जाळीत काय काय ओततो, हे त्या अख्ख्या बांधकामावर फक्त मामांना ठाऊक होतं. थुंकी, बिस्किटाचा लगदा, तंबाखूची भुकटी, सर्दीच्या दिवसांत तर विचारूच नका. त्यावर सिमेंटची धूळ बसायची आणि सगळ्याचा मिळून एक पापुद्रा तयार व्हायचा. मामा काडीला कापूस गुंडाळत, तो स्पिरिटमध्ये बुडवत आणि जाळी पुसत. दर पुसण्याला एक "शी!" ठरलेली. सेट चाळीस होते आणि मामा या कामावर सहा वर्षं होते. म्हणजे ते किती वेळा शी म्हणाले असतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मोकळे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. दिवसातून दहा वेळा सगळ्यांच्या सेटमधून एकच करवादलेला आवाज यायचा, "चॅनल मोकळा ठेवा!" त्यावरून कुणीतरी त्यांना मोकळे म्हटलं, वयाकडे बघून पुढे मामा जोडलं, आणि ते चिकटलं. नवीन आलेले इंजिनिअर तर त्यांना पत्रातसुद्धा श्री. मोकळे म्हणून लिहायचे. मामांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. नाव बदलायला जायचं म्हणजे चार माणसांशी बोलायला लागणार, आणि माणसांशी बोलायचा त्यांना कंटाळा.

त्यांचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. या सेटना मध्ये टॉवर नसतो. एकाच्या हातातून निघालेला आवाज हवेतून थेट दुसऱ्याच्या हातात पोचतो. मध्ये कुणी पोलीस नाही, आता तू बोल आणि आता तू गप्प बस असं सांगणारं यंत्र नाही. चार चॅनल होते. एक क्रेनचा, दोन गाड्यांचा, तीन गवंड्यांचा आणि चार उरलेल्या सगळ्यांचा. एका चॅनलवर एका वेळी एकाने बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर ज्याचा जोर जास्त, त्याचाच आवाज पोचतो आणि दुसरा चक्क नाहीसा होतो. त्याची खरखरसुद्धा उरत नाही. आणि बटण दाबलेल्या माणसाला स्वतःला काहीच ऐकू येत नाही, कारण सेट एक तर बोलतो नाही तर ऐकतो, दोन्ही एकदम करत नाही.

सेटच्या बाजूला एक छोटी कळ असायची. वर केली की पूर्ण ताकद, खाली केली की कमी. कामावर सगळे तिला 'जोर' म्हणत. आता गंमत बघा. गवंड्याला ऐकू गेलं नाही की तो जोर वाढवायचा. त्याच्या जोरामुळे पलीकडच्या सुताराला ऐकू येईनासं व्हायचं, मग सुतार जोर वाढवायचा. दुपारपर्यंत चाळीसच्या चाळीस सेट पूर्ण जोरात, सगळे ओरडतायत आणि कुणाचंच कुणाला पोचत नाही. मामा आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते हे की सगळे जोर खाली पाडले आणि प्रत्येक कळीवर गोंदाचा एक थेंब टाकून ती चिकटवून टाकली. आठ दिवस लोकांनी शिव्या दिल्या. नवव्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांचं बोलणं नीट ऐकू यायला लागलं. त्याबद्दल मामांना कुणी चांगलं म्हटलं नाही. उलट दोन-चार दीडशहाणे अधूनमधून चाकूने गोंद खरवडायचे. तसा सेट टेबलावर आला की मामा तो चिमटीत धरत, मेलेलं झुरळ धरावं तसा, आणि ज्याचा असेल त्याच्याकडे नुसते बघत राहत.

टेबलामागच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने पुठ्ठा रंगवून लावला होता. आधी ऐका. बटण दाबा, श्वास घ्या, मग बोला. पाच शब्दांत संपवा. जोर कमी ठेवा. खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आणि जाळीत थुंकू नका.' मामांना ते अक्षर कुणाचं ते कळलं होतं, पण मजकूर पटल्यामुळे त्यांनी ते पुसलं नाही.

शिवाय एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी. तिला ते बडबडवही म्हणत. कुणी चॅनलवर फालतू बोललं की मामा घड्याळ बघून नोंद करणार. 'नऊ चाळीस. चॅनल दोन. ड्रायव्हर, मेव्हण्याचं लग्न. दटावलं.' 'दोन दहा. चॅनल चार. सुतार, गाणं म्हणत होता. दटावलं.' अशा पाच वह्या भरून झाल्या होत्या. त्या कुणी मागितल्या नव्हत्या आणि कुणी वाचणार नव्हतं. स्टोअर सांभाळणारी ताई शेजारच्याच खोलीत बसायची. ती एकदा म्हणाली, "मामा, एवढं तर देवसुद्धा लिहून ठेवत नसेल."

"म्हणून तर जगात एवढी बडबड आहे," मामा म्हणाले.

त्यांचा स्वतःचा सेट टेबलावर होता आणि त्याचं एरियल खोलीच्या पत्र्यावर. खोली नेमकी क्रेनच्या पायथ्याशी. या एका सेटचा जोर पूर्ण होता. त्याच्या कळीवर गोंद नव्हता, आणि ते मामांना कधी वावगं वाटलं नाही. सगळ्यांना गप्प करायचं तर सगळ्यांपर्यंत पोचायला नको का? दटावणाऱ्याचा आवाज इतरांच्या वर हवाच, असं त्यांचं साधं गणित होतं. मामांचा आवाज तळघरापासून क्रेनच्या टोकापर्यंत खणखणीत पोचायचा.

क्रेनच्या टोकाला त्यांची लेक बसायची. घरात तिला चिमणी म्हणत. लहानपणी ती कपाटावर चढून बसायची म्हणून ते नाव पडलं, आणि पुढे तिने नावाला जागून हेच काम निवडलं. मामांना ते आधी मुळीच पटलं नव्हतं. तिला उंचीची भीती नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांना भीती होती ती खालच्या माणसांची. "तुला वर काही होणार नाही," ते तिला म्हणाले होते, "पण खालून जो तुला सांगणार आहे ना, त्याच्या तोंडात बिस्किट असेल." चिमणी हसली आणि परीक्षा देऊन परवाना घेऊन आली. त्या दिवशी मामांनी तिचा सेट स्वतः निवडला, जाळी तीन वेळा पुसली आणि कळीवर गोंदाचे दोन थेंब टाकले. यापलीकडे त्यांना कौतुक करता येत नव्हतं.

घरीसुद्धा जेवताना मायलेकी एकदम बोलायला लागल्या की मामा हात वर करायचे. "एकेकीने." त्यांची बायको ताट वाढता वाढता म्हणायची, "अहो, तुम्ही श्वास घ्या, तेवढ्यात आमचं दोघींचं बोलून होतं."

तर एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी क्रेनवरून सळ्यांचा भारा उतरत होता. भारा इमारतीच्या मागच्या अंगाला उतरायचा होता आणि तिथलं चिमणीला वरून काहीच दिसत नव्हतं. अशा वेळी खाली उभा असलेला सिग्नलमन हेच तिचे डोळे. या सिग्नलमनला सगळे शिट्टी म्हणत, कारण सेट येण्याआधीच्या काळात तो शिट्टी वाजवून इशारे द्यायचा. पन्नाशीचा, सरळ आणि कामाला पक्का माणूस. तो सेटमध्ये "सावकाश खाली, सावकाश खाली" म्हणत होता आणि चिमणी भारा सोडत होती. भाऱ्याचं एक टोक परांचीच्या बांबूत अडकलं आणि भारा फिरला. शिट्टी "थांब" म्हणाला. भारा थांबला नाही. तो पुन्हा म्हणाला. भारा त्याच्या उजव्या पायावर टेकला, मग थांबला. पावलाची हाडं मोडली आणि दोन बोटं काढून टाकावी लागली.

शिट्टीचं म्हणणं होतं, मी सहा वेळा थांब म्हणालो. चिमणीचं म्हणणं होतं, मला थांब ऐकू आलं नाही. दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आणि ज्याचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे तो खोटं बोलत नाही, हेही ठरवून टाकलं. सोमवारी चौकशी होती. तिचं लक्ष नव्हतं असं ठरलं तर परवाना जाणार होता, आणि एकदा या कारणासाठी गेलेला परवाना कुणी परत देत नाही. चिमणी घरी बसली. कुणी काही विचारलं की तेच एक वाक्य सांगायची, "थांब ऐकू आलं नाही." मामांशी तर ती त्याबद्दल बोलतच नव्हती.

मामांना मात्र गुन्हेगार माहीत होता. त्यांनी त्याच संध्याकाळी बडबडवही उघडून बघितली होती. मंगळवारची ओळ तिथे होती. 'अकरा वीस. चॅनल एक. गवंडी, चहा.' त्या वेळी गवंड्यांच्या मुकादमाने तीनवरून एकवर बटण फिरवलं होतं आणि तिसऱ्या मजल्यावर चहा का पोचला नाही यावर भाषण देत होता. क्रेनच्या चॅनलवर! मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. एका माणसाचं पाऊल गेलं आणि त्यांच्या लेकीचं आयुष्य पणाला लागलं, ते कशापायी, तर चहापायी. ते तडक तिसऱ्या मजल्यावर गेले आणि मुकादमासमोर हात पुढे केला. "सेट दे."

मुकादम जाडजूड आणि घामेजलेला. त्याने सेट दिला. सेट चिकट होता आणि जाळीला चहाचाच ओघळ होता. मामांनी नाकाला रुमाल लावला आणि कळ बघितली. गोंदाचा थेंब शाबूत होता. जोर कमीच होता.

"मी नाही हो खरवडत," मुकादम म्हणाला. "चुकून एकवर गेलो, ते कबूल आहे. पण तुम्ही सांगितल्यापासून कळीला हात लावला नाही, खरंच."

मामांना ते पटलं नाही. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत, क्रेन बंद असताना, त्यांनी चाचणी करायची ठरवली. मुकादमाला त्याच जागी, त्याच सेटवर चहाबद्दल बोलत राहायला सांगितलं. शिट्टीच्या जागी आलेल्या सिग्नलमनला मागच्या अंगाला उभं केलं आणि सांगितलं, मी वर पोचलो की पुढे येऊन हात दाखव, मग मागे जाऊन थांब म्हणत राहा. आणि छप्पन्न वर्षांचे मामा क्रेनची शिडी चढायला लागले. गुडघे कुरकुरत होते. शिडीच्या गजांना शेकडो हातांचं ग्रीस आणि घाम लागला होता, आणि दर पायरीला ते "शी" म्हणत होते. वरच्या केबिनमध्ये चिमणीची रिकामी खुर्ची होती. खिडकीत तिने पुसायचा फडका व्यवस्थित घडी करून ठेवला होता. मामा खुर्चीत बसले, आणि आपण इथे पहिल्यांदाच येतोय हे त्यांच्या लक्षात आलं. सहा वर्षांत ते एकदाही वर आले नव्हते.

त्यांनी तिथला सेट हातात घेतला. "सुरू करा," म्हणाले.

मुकादम सुरू झाला. चहा, साखर, उशीर. मग सिग्नलमन म्हणाला, "थांब." मामांना ते स्वच्छ ऐकू आलं. मुकादमाचा आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या दोन भिंतींआडून, कमी जोराने येत होता आणि सिग्नलमनचा थांब त्याला पार झाकून टाकत होता. "पुन्हा," मामा म्हणाले. पुन्हा तेच. पाच वेळा केलं आणि पाचही वेळा थांब पोचला. मामांच्या सहा वर्षांच्या गोंदाने काम केलं होतं. मुकादम ओंगळ होता, बडबड्या होता, पण निर्दोष होता. मामांना त्याचाच भयंकर राग आला. निर्दोष असायला याला कोणी सांगितलं होतं?

तेवढ्यात सिग्नलमन बरोबर पोचतंय की नाही हे बघायला म्हणून पुन्हा कोपऱ्यावरून पुढे, मामांना दिसेल अशा जागी आला. तोंडाशी सेट धरून तो बोलत होता, हात वर करत होता, आणि मामांच्या सेटमधून स्टोअरच्या ताईचा आवाज आला, "मामा, ओ मामा, खाली या आता, डबा गार होतोय, भाजीवर तेल तरंगायला लागलंय, मग मला म्हणाल शी." ती मामांच्या टेबलावरच्या सेटवरून बोलत होती. मामा खाली बघत राहिले. सिग्नलमनचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. थांब, थांब, थांब. त्याच्या ओठांवरून ते समजत होतं. सेटमध्ये फक्त भाजी होती. तिच्याआड कुणी बोलतंय याचा मागमूससुद्धा नव्हता.

ताईचं बोलणं संपलं आणि शेवटचा अर्धा "थांब" ऐकू आला.

जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा मामा उतरायला लागले. उतरताना त्यांनी एकदाही शी म्हटलं नाही. खोलीत येऊन त्यांनी डबा बाजूला सारला आणि बडबडवही उघडली. मंगळवारची ओळ त्यांनी आतापर्यंत अर्धीच वाचली होती, कारण दोषी सापडेपर्यंतच वाचायची त्यांना सवय होती. आता पूर्ण वाचली. 'अकरा वीस. चॅनल एक. गवंडी, चहा. दटावलं.'

संध्याकाळी घरी चिमणी खिडकीपाशी बसून काकडी चिरत होती. मामा तिच्यासमोर वही घेऊन बसले. बायको भाकरी टाकता टाकता दोघांकडे बघत होती.

"चिमणे, मंगळवारी तुला काय ऐकू आलं?"

"सांगितलं ना. थांब ऐकू आलं नाही."

"काय ऐकू आलं नाही ते नको सांगू. काय ऐकू आलं ते सांग."

चिमणीने सुरी खाली ठेवली. "बाबा, ती वही सोमवारी नेऊ नका."

"मी ऐकू आलो?"

"शब्द न् शब्द. चॅनल मोकळा ठेवा, किती वेळा सांगायचं, चहाच्या गप्पा मारायला ही तुमच्या घरची बैठक आहे का, लाज कशी वाटत नाही, हा क्रेनचा चॅनल आहे, इथे माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो." तिने हुबेहूब त्यांच्याच सुरात म्हटलं.

तव्यावरची भाकरी करपली तरी बायकोचं लक्ष गेलं नाही.

"शिट्टीकाकांचा आवाज तुटला की मी थांबायला हवं होतं," चिमणी म्हणाली. "नियमच आहे तो. पण तुमचा आवाज आला की मला आधी वाटतं, चुकलं ते माझंच. मी सेटकडे बघत बसले, माझंच बटण चुकून दाबलं गेलंय का म्हणून. तेवढ्यात भारा टेकला."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"काय सांगू? बाबांनी केलं म्हणून? तुमचं काय राहील मग तिथे? तुमच्याकडे दुसरं आहे काय, बाबा?"

हे ती प्रेमाने म्हणाली होती, पण मामांना ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. खरंच, दुसरं काय होतं? एक पुठ्ठा, पाच-सहा वह्या, आणि जगातले सगळे आपल्यापेक्षा घाणेरडे आहेत ही खात्री. त्यांना स्वतःच्या तोंडाची किळस आली. उठून त्यांनी चूळ भरली. मग आणखी एकदा भरली.

सोमवारी चौकशी साइट ऑफिसात झाली. लांब टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कपांमध्ये साय धरलेला चहा. सुरक्षा अधिकारी पेनाचं टोपण चघळत होता. एरवी मामांनी तिकडे पाहिलंही नसतं. शिट्टी कुबड्या भिंतीला टेकवून, पाय पुढे पसरून बसला होता. चिमणी त्याच्यासमोर मान खाली घालून बसली होती. मुकादमही आला होता. अधिकाऱ्याने तिला विचारलं, "तुम्हाला त्या वेळी काय ऐकू आलं?"

"काही नाही," चिमणी म्हणाली.

"ती खोटं बोलतेय," मामा म्हणाले. सगळ्यांनी वळून बघितलं. मामांनी वही उघडली आणि वाचलं, "अकरा वीस. चॅनल एक. गवंडी, चहा. दटावलं."

मुकादमाने हताशपणे हात कपाळाला लावला.

"कुणी दटावलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी. माझा सेट क्रेनच्या पायथ्याशी आहे, एरियल पत्र्यावर आहे आणि जोर पूर्ण आहे. सगळ्या कामावर पूर्ण जोराचा तो एकच सेट आहे. मी बोलत असलो की वर दुसऱ्या कुणाचंही काही पोचत नाही. आणि मी बोलत असलो की मलाही काही ऐकू येत नाही. हा थांब म्हणत होता ते मी ऐकलं नाही, कारण माझं बोट बटणावर होतं." मामांनी वही मिटली. "शनिवारी वर चढून बघितलंय. कुणालाही चढवा, हेच दिसेल."

अधिकाऱ्याने तोंडातलं टोपण काढलं. "एका वाक्याने एवढं होतं?"

"एक वाक्य नव्हतं," मामा म्हणाले. "घड्याळ लावा."

ते उठून उभे राहिले आणि चिमणीने सांगितलेले शब्द त्यांनी होते तसे, त्याच चिडक्या सुरात म्हणायला सुरुवात केली. "चॅनल मोकळा ठेवा! किती वेळा सांगायचं?" समोर शिट्टीने हात वर केला आणि काही न बोलता एक बोट मिटलं. मग दुसरं. "चहाच्या गप्पा मारायला ही तुमच्या घरची बैठक आहे का?" तिसरं. "लाज कशी वाटत नाही?" चौथं. मामांना ती बोटं दिसत होती आणि ते बोलत राहिले, कारण बोलून संपवणं भाग होतं. "हा क्रेनचा चॅनल आहे. इथे माणसांच्या..." पाचवं बोट. "...जिवाचा प्रश्न असतो." दुसऱ्या हाताचं पहिलं बोट मिटून शिट्टी थांबला.

"नऊ सेकंद," अधिकारी म्हणाला.

"अठ्ठावीस शब्द," मामा म्हणाले. "माझ्या पुठ्ठ्यावर पाच लिहिलंय."

शिट्टी त्यांच्याकडे बघत होता. मामांना वाटलं, हा आता शिवी देईल, आणि द्यावीच. शिट्टी म्हणाला, "मामा, तुमचं ऐकून माझ्या पायाचं काही व्हायचं नाही. पण पोरगी खोटारडी नाही हे कळलं, बरं झालं. मला झोप लागत नव्हती."

निकाल आठ दिवसांनी आला. आवाज तुटल्यावर चिमणीने थांबायला हवं होतं, म्हणून एक महिना खाली काम आणि पुन्हा परीक्षा. परवाना राहिला. मामांना लेखी ताकीद मिळाली. त्यांना काढून टाकावं असं एकाचं मत होतं, पण मग चाळीस जाळ्या कोण पुसणार या प्रश्नावर ते मत बारगळलं. मामांनी स्वतःहून पत्र्यावरचं एरियल उतरवलं. टेबलावरच्या सेटचा जोर खाली पाडून त्यावर गोंदाचा थेंब टाकला. मग सोल्डरिंग आयर्न तापवून बोलायच्या बटणाची तारच काढून टाकली. आता तो सेट फक्त ऐकायचा. स्टोअरची ताई म्हणाली, "मामा, अहो, आता कुणी काही बोललं तर?"

"जाऊन सांगेन."

आणि ते खरोखर जायचे. गुडघे धरत तिसऱ्या मजल्यावर जाऊन मुकादमाला म्हणायचे, "एकवर आहेस." त्यांच्या येण्याजाण्यात मुकादमाचा चहा पिऊन होत असे. जाळ्यांची किळस गेली नव्हती. ती कशी जाणार, थुंकी ती थुंकीच. फक्त स्वतःचा सेट पुसतानाही ते आता शी म्हणायचे.

महिन्याने चिमणी परत वर चढली. मामांनी पहिल्या दिवशी खोलीचं दार लावून घेतलं आणि टेबलाशी बसून राहिले. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मागच्या अंगाला भारा उतरत होता. सेटमधून नव्या सिग्नलमनचा आवाज येत होता, "सावकाश खाली, सावकाश खाली." मध्येच मुकादम एकवर घुसला, लांबून, पुसट, काहीतरी साखरेबद्दल. मामांचं बोट सवयीने बटणावर गेलं आणि दाबलं गेलं. काही झालं नाही. सेट ऐकतच राहिला.

"थांब," सिग्नलमन म्हणाला.

"थांबले," चिमणी म्हणाली.

मामांनी वही ओढली आणि त्या दिवसाची पहिली नोंद केली. 'अकरा चाळीस. चॅनल एक. थांब म्हणाला. थांबली.'